टोपीतली घडी

कैलासच्या पुतळ्याला मिशा असाव्यात की नसाव्यात, यावरून आमच्या हेंद्रेपाड्यात तीन बैठका झाल्या. कैलास माझा धाकटा भाऊ. कारगिलच्या लढाईत गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि मिशी म्हणावी असं त्याच्या ओठावर काहीच नव्हतं. एवढंच सांगायला मी मांजर्लीहून, माझ्या सासरहून, तिन्ही वेळा बैठकीला आले. समितीचा अध्यक्ष प्रमोद म्हणाला, "बनूताई, पुतळा शूरवीराचा दिसला पाहिजे. शाळकरी पोरगा बसवल्यासारखं नको वाटायला."

"अरे, पोरगाच होता तो," मी म्हटलं.

पण कार्यक्रम ठरला की गावात ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याचं ऐकायचं नाही, अशी रीतच आहे. मिशा मंजूर झाल्या. छातीही दोन इंच जास्त मंजूर झाली असावी, नंतर पाहिलं तेव्हा मला तसं वाटलं.

प्रमोद वाईट माणूस नाही. कैलासच्या वर्गातला. इमारती बांधून गबर झाला, पण दर सव्वीस जुलैला हार घेऊन आईच्या दारात येतो आणि चहा प्यायल्याशिवाय जात नाही. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. नाक्यावर कैलासच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड आहे, त्याच्यावर सहा महिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर असतो. तो बॅनर फाडायला स्वतः जाणारा हाच. अर्धपुतळा बसवायची कल्पनाही त्याचीच. म्हणून मी मिशा सोडून दिल्या.

आई तिन्ही बैठकांना माझ्याशेजारी गप्प बसली. वेणूबाई म्हणजे माझी आई, वय शहात्तर, अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. शेवटच्या बैठकीत सगळे उठायला लागले तेव्हा तिने एकच विचारलं.

"डोका कोन करनार हाय?"

कुणाला काही कळलं नाही. प्रमोद म्हणाला, "मूर्तिकार करेल ना, वेणूकाकी. अंबरनाथचा उन्मेष. चांगला हात आहे त्याचा."

"मना त्या डोक्याला हात लावाचाय. टोपी घालाच्या आदी."

हे डोक्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

आई न्हाऊ घालणारी बाई. बदलापूर पश्चिमेला जुन्या घरांतली चाळिशी-पन्नाशीतली जी माणसं आज दिसतात, त्यांतली निम्मी तिच्या पायांवर पालथी पडून रडलेली आहेत. कोमट खोबरेलाने अंग चोळायचं, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, टाळू भरायची आणि तळहाताच्या गादीने डोकं चहूबाजूंनी दाबत दाबत गोल करायचं. डोक्याच्या कामात तिचा हात कोणी धरत नसे. बायका म्हणायच्या, वेणूबाईकडून न्हालेलं पोर मागूनही ओळखू येतं. अंघोळ झाली की पोराला धुरी द्यायची, दुपट्यात गुंडाळायचं आणि टाळूवर हात ठेवून म्हणायचं, "झाला, बाला, झाला. आते नीज." पोर खरंच झोपायचं. मी नातवंडांवर हे करून पाहिलं, माझ्या हातून एकही झोपलं नाही.

एवढ्या पोरांची डोकी गोल करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पोराचं डोकं मात्र चपटं. मागून, डाव्या बाजूला. हात फिरवला की पायरीवरून पाय उतरावा तसा हात तिथे खाली जायचा. कैलास जन्मला तेव्हा घरात खायचे वांधे होते. सव्वा महिना झाला आणि आई कामाला बाहेर पडली. पहिलं घर मिळालं ते प्रमोदच्या आईचं. प्रमोद तेव्हा तीन दिवसांचा होता. पुढे शाळेत दोघं शेजारी बसायचे तेव्हा मास्तर म्हणायचे, एकाला कलिंगड मिळालंय आणि एकाला फणस. कैलास सगळ्यांच्या पुढे हसायचा. आईला ते कळलं त्या दिवशी ती जेवली नाही.

"लोकांच्या पोरांना हात दिला आनि माजा पोर एकला पडून रवला," असं ती आयुष्यभर म्हणत आली. रागाने नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणायची.

पुढे कैलास मराठा पलटणीत भरती झाला आणि त्या चपट्या जागेने तिथेही पिच्छा सोडला नाही. टोपी डावीकडे घसरायची. कवायत शिकवणारे उस्ताद परेडवर त्याच्या नावाने ओरडायचे. मग त्याने युक्ती काढली, टोपीच्या आत त्या जागी कागदाची घडी ठेवायची. पत्रात लिहायचा, "आईला सांग, काळजी करू नको. तिने राहू दिलेली जागा मी कागदाने भरून काढतो." आईला लिहिता-वाचता येत नाही. त्याची पत्रं मी वाचून दाखवायची आणि तिची मी लिहायची. हे वाक्य मी वाचून दाखवलं नाही. गाळलं.

कारण ती जागा आईने राहू दिली नव्हती. मी राहू दिली होती.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आई कामाला जाताना सांगून जायची, मोहरीची उशी डोक्याखाली ठेव, घडीघडीला कूस बदल, एका अंगावर ठेवू नको. मी हो म्हणायची. ती वळणापलीकडे गेली की मोहरीची उशी कोपऱ्यात, गोधडीची गुंडाळी पोराच्या पाठीला, आणि पोर डाव्या अंगावर, दाराकडे तोंड करून. तसा ठेवला की त्याला ओटा दिसायचा. ओट्यावर मी सागरगोटे खेळत बसायची. मी दिसत असले की रडायचा नाही. उजव्या कुशीवर केला की भिंत दिसायची आणि हा बोंब ठोकायचा. मग कोण बदलतंय कूस? चार महिने तो रोज तसाच राहिला. आई येताना दिसली की मी उशी परत डोक्याखाली सरकवायची.

तेवीस वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. नव्याण्णवच्या मे महिन्यात त्याचं पत्र आलं, टोपीवरून पुन्हा चेष्टा केलेली. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, दुपारी सगळे झोपलेले असताना मी एक निळं इनलँड पत्र घेतलं आणि फक्त माझ्याकडून, आईच्या नावाने काही न घालता, त्याला सगळं लिहून टाकलं. पोस्टात टाकून आले आणि मग बातम्यांमध्ये लढाई सुरू झाली. त्याचं उत्तर आलं नाही. जून संपताना तोच आला.

पेटी उघडू दिली नाही. सोबत आलेले सुभेदार हात जोडून म्हणाले, "आई, नका." आईने हट्ट केला नाही. फक्त विचारलं, "डोका कंच्या अंगाला हाय?" सुभेदारांनी दाखवलं. आईने झेंड्यावर त्या टोकाला तळहात ठेवला आणि उल्हास नदीच्या काठावर पेटी उतरवेपर्यंत उचलला नाही. पुढे कधीतरी भाकऱ्या थापताना मला म्हणाली, "बने, तो मानूस आमच्यासारकाच रडत व्हता. घाईत त्याना पाय दाकवला असंल तर?"

नंतर त्याची काळी ट्रंक आली. लढाईला वर जाताना लोखंडी टोप घालून गेला होता, त्यामुळे हिरवी टोपी खालच्या छावणीत ट्रंकेतच राहिली होती. टोपीच्या आत, डाव्या बाजूला, पट्टीच्या मागे, घामाने काळपट झालेली कागदाची घडी. कडेने निळा रंग दिसत होता. इनलँडचा निळा.

कोणतं इनलँड? मी त्याला वर्षभरात वीस-बावीस लिहिली असतील. माझं ते पत्र त्याला मिळालं का, वाचून तो हसला का रागावला, की ते कुठल्या पोस्टाच्या थैलीत पडून राहिलं आणि तो काहीच न कळता गेला, हे त्या घडीत होतं किंवा नव्हतं. मी हात पुढे केला तशी आईने टोपी ओढून घेतली. म्हणाली, "उगडू नको. त्याच्या हातची घडी हाय." त्यानंतर ती टोपी एका कापडी पिशवीत राहिली. दोन हजार पाचच्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं, फोटो, पत्रं, कपडे सगळ्याचा लगदा झाला, पण आई माळ्यावर चढली ती पिशवी गळ्यात अडकवूनच. मला सव्वीस वर्षं ती घडी दिसत आली. दर दिवाळीला मी ठरवायची की आई अंघोळीला गेली की बघू. दरवर्षी ती अंघोळीला जायची आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसायची. ते पत्र नसलंच तर काय, याची मला जास्त भीती होती.

तर आता उन्मेषकडे.

प्रमोदने आम्हाला गाडीतून अंबरनाथला नेलं. कारखान्यांच्या मागे एक लांब पत्र्याची शेड, आत जुलै महिन्याचे गणपती, रांगेत, डोळे रंगवायचे राहिलेले. त्यांच्यातून वाट काढत आम्ही टोकाला गेलो. उन्मेष तिशीचा, कोपरापर्यंत मातीने माखलेला. त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं डोकं उघडलं आणि बाजूला सरकला. चांगल्या कारागिराला कळतं, कधी बोलायचं नाही.

कैलास होता आणि नव्हता. पुरातून वाचलेला एकच फोटो, ओळखपत्रावरचा, समोरून काढलेला, टोपी घातलेला. त्यावरून जेवढं करता येईल तेवढं त्याने केलं होतं. नाक बरोबर होतं. ओठांवर समितीच्या मिशा होत्या. डोक्याला अजून टोपी चढवली नव्हती, ती उद्या मातीचीच करून चढवायची आणि शनिवारी साचा काढायचा, असं त्याने सांगितलं.

आईने डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिने पदराने हात पुसले, जसे पोराला हातात घेण्याआधी पुसायची, आणि मातीच्या टाळूवर तळहात ठेवला. मग मागे नेला. उजवीकडून, डावीकडून. दोन्ही अंगठे कानामागे. मी तिचा चेहरा बघत होते. सव्वीस वर्षं ज्यासाठी तिचा हात थांबला होता ते त्या हाताखाली आलं होतं आणि ते चुकीचं होतं.

"ह्यो कैलास नाय," ती म्हणाली.

"काकी, फोटो एकच होता," उन्मेष म्हणाला. "मागची बाजू मी अंदाजाने केली. कुठे कमी-जास्त वाटतंय?"

"कमी नाय. जास्त हाय. गोल केलंस तू." मग प्रमोदकडे बघून म्हणाली, "ह्याच्या डोक्यासारका केलंस."

"माझं डोकं तुम्हीच केलंय, वेणूकाकी," प्रमोद हसत म्हणाला.

"वरून मी केला. आत काय भरला ता तुज्या आयेला इचार."

उन्मेषला हसू आवरेना. प्रमोदही हसला, पण मग समितीचा आवाज लावून म्हणाला, "काकी, मागून कोण बघणार आहे? वर टोपी येणार. आणि शूरवीराच्या पुतळ्याला डोकं चपटं, लोक काय म्हणतील?"

आईने सोबत आणलेल्या पिशवीतून टोपी काढली. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं, दोन बोटांनी ती घडी आतून ओढून माझ्या हातात दिली आणि रिकामी टोपी त्या मातीच्या डोक्यावर चढवली.

टोपी नीट बसली. अगदी सरळ. एका अंगालाही घसरली नाही.

"बगा," आई म्हणाली. "माज्या पोराच्या डोक्यावर ही अशी कदी बसली नाय."

उन्मेषने टोपी हळूच उतरवली, एक तार घेतली आणि मला म्हणाला, "मावशी, तो कागद किती जाड आहे ते दाखवा. तेवढी माती मी काढतो."

मी घडी पुढे केली. सव्वीस वर्षांचा घाम आणि दमट हवा. माझ्या बोटांत ती मधोमध, घडीवरच, तुटली आणि दोन पानांसारखी उघडली.

आधी मला माझं अक्षर दिसलं. मग शब्द. मी दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी धरून उजेडाकडे वळले.

"काय झाला?" आई म्हणाली. "काय लिवलाय त्याच्यात?"

मी आयुष्यभर तिला पत्रं वाचून दाखवत आले आणि जे नको ते गाळत आले. आताही गाळता आलं असतं. कशी आहेस, पाऊसपाणी बरं, म्हशीला रेडी झाली, काहीही म्हणता आलं असतं. तिला कुठे कळणार होतं? पण पत्राची कड बघितली. ती ब्लेडने सरळ कापलेली होती. त्याने ते उघडलं होतं. नीट वाचलं होतं. मग घड्या घालून त्याच जागी ठेवलं होतं. वीस-बावीस पत्रांमधलं हेच. हा त्याचा विनोद होता आणि हेच त्याचं उत्तर होतं. ते सव्वीस वर्षं घरातच, त्या पिशवीत होतं आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते.

मी वाचलं. सगळं.

"कैलास, तुझी टोपी घसरते त्याला आई जबाबदार नाही. मी आहे. आई मला सांगून जायची कूस बदल आणि मी बदलायची नाही. तुला डाव्या अंगावर ठेवला की तुला ओटा दिसायचा. मी खेळायची आणि तू माझ्याकडे बघत पडायचास. मी सागरगोटा उडवला की तुझे डोळे वर जायचे. उजवीकडे वळवलं की रडायचास. मला खेळ सोडवत नव्हता म्हणून तुला तसाच ठेवला. आईला वाटतं तिने केलं. तिला सांगायची हिंमत नाही. तू सुट्टीवर आलास की आपण दोघं मिळून सांगू. तू हस म्हणजे ती रागावणार नाही. तुझी बनूताई."

शेडमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत होता. प्रमोदने नकळत स्वतःच्या डोक्यावरून मागे हात फिरवला. मी आईकडे बघू शकले नाही. मला वाटलं, आता ती म्हणेल ते म्हणू दे, माझं वय अठ्ठावन्न आहे, ऐकून घेईन.

"परत वाच," आई म्हणाली.

"सगळं?"

"नाय. तो तुज्याकं बगत पडाचा, ता."

मी वाचलं. सागरगोटा उडवला की डोळे वर जायचे, तेही वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ती बाकड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावला. ती रडत होती. पेटी आली तेव्हा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मना वाटाचा एकला पडून रवाचा," ती म्हणाली. "भिंतीकं तोंड करून. रोज वाटाचा. एकला नव्हता मगं."

"नव्हता, आये."

"हसत व्हता?"

"हसायचा. हिरड्या दाखवून."

तिने मान हलवली. पत्राचे दोन्ही तुकडे माझ्या हातातून घेतले, एकावर एक ठेवले, त्याच घड्यांवर पुन्हा दुमडले आणि टोपीत त्या जागी सरकवले. मग उठली. उन्मेष तार घेऊन डोक्याजवळ उभा होता. त्याला तिने हाताने बाजूला केलं.

"तू नको. बने, हिकडं ये."

तिने माझं मनगट धरलं. तिचे हात अजून असे आहेत की एकदा धरलं की सुटता येत नाही. माझा तळहात तिने मातीच्या डोक्याच्या मागे, डाव्या बाजूला टेकवला.

"तुजा काम हाय. तूच कर. दाब."

मी दाबलं. माती गार होती आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज आत गेली. आईचा हात माझ्या हातावर होता, किती ते तिला ठाऊक होतं. थोडं आणखी. थोडं वर. "बास," म्हणाली तेव्हा मी हात काढला आणि तिथे माझ्या तळव्याएवढी जागा तयार झालेली होती. उन्मेषने टोपी दिली. आईने घडी बाजूला काढून ती चढवली. टोपी डावीकडे घसरली. घडी घालून चढवली. सरळ बसली.

"मिशा काढ," प्रमोद उन्मेषला म्हणाला. "समितीचं मी बघतो."

आईने ते ऐकलं नाही. तिने टोपी उतरवून माझ्याकडे दिली होती आणि तिचा हात आता त्या डोक्यावर होता. उजवीकडून मागे, मागून डावीकडे, तिथे खाली उतरला, थांबला, पुन्हा वर आला. असा तिने कितीतरी वेळ फिरवला. शेवटी टाळूवर ठेवला.

"झाला, बाला, झाला," ती म्हणाली. "आते नीज."

उन्मेषने फडकं ओलं करून आणलं होतं. पण तिचा हात निघेपर्यंत तो ते धरून उभा राहिला, आणि आम्हीही उभे राहिलो.